मल्चिंग पेपर की उसाचं पाचट?

दहा-पंधरा गुंठ्यांत भाजी करणाऱ्या ओळखीच्या दोघा-तिघांनी विचारलं, की तण दाबायला वाफा मल्चिंग पेपरनं (नाव पेपर, पण असतो प्लास्टिकचा) झाकावा की उसाच्या वाळल्या पाल्यानं, म्हणजे पाचटानं. म्हणून लिहितो. टोमॅटोला मी दोन हंगाम पेपर वापरला, नंतर पाचटावर आलो.

पेपरची बाजू भक्कम आहे, ती आधी सांगतो. गादीवाफ्यावर ड्रिपची नळी टाकून वर 25 मायक्रॉन जाडीचा चंदेरी-काळा पेपर ताणला, की खुरपायला बायका शोधत गावभर फिरावं लागत नाही. चंदेरी बाजू वर असली की मावा, फुलकिडे कमी येतात म्हणतात. रोपं लहान होती तोवर मलाही तसं वाटलं. लव्हाळ्याचं तण मात्र पेपरलाही जुमानत नाही, भोक पाडून वर येतं.

पाचटाची कटकट जास्त. पातळ अंथरलं तर तण येतंच, जाड अंथरलं तर महिन्या-दीड महिन्यात दबतं, की पुन्हा टाका. पहिल्या वर्षी मी थोडं मातीत मिसळू दिलं. कुजताना त्यानं नत्र ओढला आणि रोपं पिवळी पडली. आता वरच ठेवतो, जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी) शिंपडतो. पावसाळ्यात खाली गोगलगायी लपतात, त्या संध्याकाळी बॅटरी घेऊन वेचायच्या. हौस असेल तरच करा!

तरी मी पाचटावर का आलो? पेपर काढताना. उन्हानं तो पापडासारखा झालेला असतो. मधला भाग हाताला येतो, मातीत दाबलेल्या कडा तिथेच तुटून राहतात. राहिलेल्या चिंध्या माती भुसभुशीत करणाऱ्या रोटाव्हेटरच्या पात्यांना गुंडाळतात, नाहीतर बारीक होऊन मातीत जातात. मातीनं भरलेला पेपर भंगारवाला घेत नाही. मग बांधावर पेटवतात. मीही एकदा पेटवला, तो वास अजून नाकात आहे. पुढच्या वर्षी त्याच वाफ्यात मेथी केली. नेहमीच्या गिऱ्हाईक काकूंनी जुडी सोडली आणि आतून बोटभर चंदेरी तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. बोलल्या काहीच नाहीत.

तुमचं गणित वेगळं असू शकतं. उन्हाळी कलिंगड असेल, आसपास ऊस नसेल, तर पेपर घ्या. पण 30 मायक्रॉनचा घ्या, काढताना त्यातल्या त्यात अखंड येतो. ऊसपट्ट्यात असाल तर एकरी 3-4 टन पाचट शेजारीच पडलेलं असतं. तोड झाली की त्याच दिवशी जाऊन सांगून ठेवा, दुसऱ्या दिवशी काडी लागते.