मायक्रोस्कोप चांगलाय, पण यीस्टचा न्यूक्लियस दिसेल म्हणून घेऊ नका

जुळे सोलापूरला अकरावी-बारावीच्या बायोलॉजीच्या ट्यूशन घेते मी, घरीच. पोरांना पुस्तकातल्या आकृत्या दाखवून कंटाळा आला म्हणून गावातल्याच एका लॅब सामानाच्या दुकानातून स्टुडंट मायक्रोस्कोप घेतला. एलईडी लाईट, चार्जिंगची बॅटरी, मेकॅनिकल स्टेज, 4, 10, 40 आणि 100 ऑइलचं ऑब्जेक्टिव्ह. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं थोडी तक्रार आहे.

आधी चांगलं सांगते. बॅटरी लई भारी, लाईट गेली तरी क्लास थांबत नाही. फाईन नॉब घट्ट आहे, सोडला की फोकस खाली घसरत नाही, या किमतीत हेच सगळ्यात आधी बिघडतं. 40 चं ऑब्जेक्टिव्ह एकदम क्लिअर.

टेस्टिंग केलं बेकरीच्या ड्राय यीस्टवर. साखरेच्या कोमट पाण्यात चिमूटभर टाकायचं (मे महिन्यात आपल्याकडं पाणी वेगळं कोमट करायला लागत नाही, टाकीच्या नळालाच येतं), फेस आला की एक थेंब स्लाईडवर आणि वर कव्हरस्लिप. 400 एक्सला पेशी मस्त दिसतात, जेमतेम 5 मायक्रॉनच्या, आणि बऱ्याच पेशींना बाजूला कळी फुटलेली. कंडेन्सरचा डायफ्रॅम (स्टेजखालची, प्रकाश कमी-जास्त करायची झडप) थोडा बंद केला की आत एक गोल फिकट डाग उठून दिसतो, तो व्हॅक्युओल, म्हणजे पेशीतली रसाची पिशवी. ऑइल टाकून 1000 एक्सला तर त्यात बारीक कण थुईथुई नाचताना दिसले, पोरं आयपीस सोडायला तयार नाहीत. मिथिलीन ब्लू टाकलं तर मेलेल्या पेशी निळ्या होतात आणि जिवंत तो रंग घालवून पांढऱ्याच राहतात, हेही झकास दिसतं.

आता तक्रार. खोक्यावर मोठ्या अक्षरात 2000 एक्स, आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो, "मॅडम, सेलच्या आतलं सगळं दिसतंय बगा, न्यूक्लियस, मायटोकाँड्रिया, सगळं." अहो कुठलं सगळं! साध्या प्रकाशात साधारण 0.2 मायक्रॉनच्या खालचं वेगळं दिसतच नाही, त्यामुळं 20 चा आयपीस लावून 2000 केलं तर तेच धूसर चित्र नुसतं मोठं होतं. आणि यीस्टचा न्यूक्लियस (पेशीतलं डीएनए ठेवणारं केंद्रक) आकारानं तेवढा लहान नसला तरी आजूबाजूच्या सायटोप्लाझमसारखाच पारदर्शक, डीएनएला चिकटणारा चमकणारा रंग आणि फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप असल्याशिवाय धड सापडत नाही.

मला चीड आली ती यासाठी की खरी गंमत त्या न्यूक्लियसचीच आहे. आपल्या पेशीचं विभाजन होताना कुठं कापायचं ते स्पिंडल (गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणारी दोऱ्यांची चाती) कुठं आहे त्यावरून ठरतं. बेकरीच्या यीस्टमध्ये उलटं, आई (मूळ पेशी) आणि कळीमधली मान आधीच ठरलेली असते, कापायची जागा तीच, म्हणून न्यूक्लियसलाच त्या मानेपाशी यावं लागतं. त्यात न्यूक्लियसचं आवरण विभाजनातही फुटत नाही, अख्खा न्यूक्लियस त्या अरुंद मानेतून लांबत जातो. आधी केएआर9 नावाचं प्रोटीन मायक्रोट्यूब्यूलचं (स्पिंडलपासून निघणाऱ्या बारीक नळीचं) टोक मायोसिन या चालत माल नेणाऱ्या प्रोटीनला बांधून देतं आणि मायोसिन ते ॲक्टिन या प्रोटीनच्या दोऱ्यांवरून कळीकडं नेतं. मग कळीच्या भिंतीला टेकलेलं डायनीन हे दुसरं प्रोटीन ती नळी तिकडून ओढतं. ओढणं फसलं आणि स्पिंडल आईतच अडकलं तर एक चेकपॉइंट (पेशीतली तपासणी यंत्रणा) विभाजन पुढं सरकू देत नाही, एक टोक कळीत पोचेपर्यंत थांबवून ठेवतो. आणि साधारणपणे स्पिंडलचं जुनं टोक कळीला जातं, नवीन आईकडं राहतं, हे सांगितलं की वर्गात हमखास चर्चा होते.

बाकी सामान नेणारंही तेच मायोसिन, मार्केट यार्डातल्या हमालासारखं, चिठ्ठी बघून माल उचलणारं. चिठ्ठी म्हणजे पेशीतला तो भाग मायोसिनला जोडून देणारं प्रोटीन. व्हॅक्युओलची चिठ्ठी व्हीएसी17, मायटोकाँड्रियाची एमएमआर1, पेरॉक्सिझोमची आयएनपी2. व्हॅक्युओल कळीत पोचला की व्हीएसी17 तोडून टाकलं जातं, म्हणजे माल तिथंच उतरतो, परत येत नाही. यातलं तुम्हाला या मायक्रोस्कोपमधून दिसणार एवढंच, मोठ्या कळ्यांमध्ये स्वतःचा छोटा व्हॅक्युओल आलेला असतो आणि बारक्या कळ्यांमध्ये बहुतेक दिसत नाही. पोरांना वही देऊन लहान-मोठ्या कळ्या मोजायला लावल्या, तेवढ्यावरही तासभर छान जातो.

दुसरं यीस्ट, पॉम्बे, कांडीसारखं असतं आणि मधोमध कापलं जातं, त्यात मायक्रोट्यूब्यूल दोन्ही टोकांना रेटा देऊन न्यूक्लियस मध्यात धरतात. याच पॉम्बेवर पॉल नर्सनी काम केलं आणि बेकरीच्या यीस्टवर लेलंड हार्टवेलनी, 2001 च्या नोबेलमध्ये दोघंही होते. पण पॉम्बे काही बेकरीच्या दुकानात मिळत नाही, तेव्हा तो विषय फळ्यावरच.

दुकानात परत जाऊन 2000 एक्सचं बोलले तर मालक म्हणाले, कंपनीच तसं छापते, आम्ही काय करणार. 20 चा आयपीस मात्र परत घेतला आणि त्याबदल्यात इमर्शन ऑइलची बाटली आणि कव्हरस्लिपची दोन पाकिटं दिली, म्हणून पाचपैकी साडेतीन. घेणार असाल तर 100 च्या ऑब्जेक्टिव्हवर एनए (बारीक तपशील वेगळा दाखवायची लेन्सची ताकद सांगणारा आकडा) 1.25 छापलंय का ते दुकानातच बघा आणि धूळ न जाणारं कव्हर मागून घ्या, सोबत येतं ते प्लॅस्टिक पातळ आहे, आपल्याकडच्या उन्हात महिन्यात तडकतं.