हातविणीचे स्वेटर साताऱ्यातल्या दुकानांत: कुठलं दुकान, कुठला व्यवहार

सातारा आणि आसपास विणलेला माल ठेवून घेणारी दुकानं साधारण तीन तऱ्हेची. मोती चौक, राजपथ भागातली लहान मुलांच्या कपड्यांची, गल्लीबोळातली लेडीज-गिफ्टची, आणि वर पाचगणी-महाबळेश्वरच्या बाजारातली, पर्यटकांवर चालणारी. नव्याने कमाई सुरू करायची असेल तर पहिल्या तऱ्हेच्या दुकानाकडेच जावं. साताऱ्यात खरी थंडी दोन-अडीच महिन्यांची, पण बारसं बारा महिने असतं आणि बाळंतविड्यात स्वेटर, टोपी, मोज्यांचा सेट हवाच असतो. मोठ्यांचा स्वेटर मात्र मशीनच्या मालापुढे भावात टिकत नाही. त्याच्या वाटेला सुरुवातीला जाऊच नये.

दुकानदार बहुतेक वेळा 'विकेल तसे पैसे' म्हणतो. हा व्यवहार कागदावर बरा दिसतो, म्हणून हिशेब मांडूनच बघा. समजा सेट 480 रुपयांना विकला गेला आणि दुकानाचे 25 टक्के ठरलेत. 120 गेले, उरले 360. लोकर, बटणं, पिशवी धरून 120 खर्च. हातात 240. सेटला 12 तास लागले तर तासाला 20 रुपये. तोच साध्या विणीत 8 तासांत उतरला तर 30. म्हणजे कमाई वाढते ती लोकरीत काटकसर करून नव्हे, वेळ वाचवून. जाळीची नक्षी त्यासाठीच टाळावी. शिवाय तान्ह्या बाळाची बोटं जाळीत अडकतात, हे आजीबाई दुकानातच बोलून दाखवतात आणि सेट खाली ठेवतात.

रोख घेणारा दुकानदार त्याच सेटचे 320 देईल. 40 रुपये कमी, तरी पहिल्या वर्षी हाच व्यवहार उजवा. पैसे अडकत नाहीत आणि हाताळून मळलेला पांढरा सेट तुमच्या गळ्यात पडत नाही. उधारीवर ठेवायचाच असेल तर एका दुकानात सहापेक्षा जास्त सेट देऊ नका. कार्बनच्या पावतीपुस्तकावर नग, रंग, भाव, टक्के, महिन्याच्या कुठल्या तारखेला हिशेब आणि माल मळला तर कोणाचा, हे सगळं लिहून सही घ्या. "आपलं घरचंच आहे, लिहायचं कशाला?" असं म्हणणाऱ्या दुकानात माल ठेवू नये. एकच सेट टांगायला द्यावा, बाकीचे पारदर्शक पिशवीत. काचेच्या कपाटात ऊन येत असेल तर रंग उडतो, जागा बदलून मागा.

माल परत येतो तो बहुतेक मापापायी. 4 प्लाय (म्हणजे बारीक) लोकर आणि 10 नंबरच्या सुयांवर इंचाला 7 टाके धरले, तर 18 इंच घेराला 126 टाके. हात सैल पडून इंचाला साडेसहा झाले की तोच स्वेटर साडेएकोणीस इंचांच्या आसपास जातो, आणि पिशवीवर '0 ते 3 महिने' हे एकच माप लिहिलेले दोन सेट वेगळे निघतात. दुकानदाराचा विश्वास तिथेच उडतो. म्हणून आधी चार इंचांचा तुकडा विणून टाके मोजायचेच. गळ्याचे टाके बंद करताना दोन नंबर जाड सुई घ्या (10 ऐवजी 8; नंबर लहान तेवढी सुई जाड), नाहीतर गळा आवळतो. पुढून उघडा स्वेटर सर्वांत सुरक्षित. बटण दुहेरी दोऱ्याने शिवून ओढून बघा. सुटलेलं बटण बाळाच्या तोंडात जातं. लोकर घेताना सेटला पुरेल एवढी एकाच लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली घ्या. शेड नंबर तोच असला तरी लॉट बदलला की बाहीचा रंग वेगळा दिसतो. बाजारातली ही लोकर बहुतेक ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धाग्याची असते. तिच्यावर गरम इस्त्री कधीच टेकवू नका. बॉर्डर एकदा सपाट झाली की परत उठत नाही.

"खरी लोकर आहे का?" हा प्रश्न येणारच. चिठ्ठीवर स्पष्ट 'ॲक्रिलिक' लिहा. माणदेशातल्या मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, पण खरखरीत. बाळाच्या अंगाला टोचते. हे दुकानदाराला नीट सांगून ठेवलं तर तोच गिऱ्हाइकाला समजावतो.

महाबळेश्वरच्या दुकानांत टोप्या आणि मफलर चालतात, सेट नाही. जूनच्या आत शिल्लक माल खाली आणा. तिथल्या पावसात पिशवीतल्या मालालाही कुबट वास धरतो.

पहिल्या खेपेला पांढरा, लिंबू, पिस्ता असे मुलगा-मुलगी दोघांना चालणारे रंग ठेवा. काळा एरवी बाळाला कोणी घेत नाही, पण संक्रांतीच्या बोरन्हाणाला काळंच लागतं. काळ्यावर पांढऱ्या टिपक्यांचे दोन-तीन सेट डिसेंबरच्या मध्यापर्यंत दुकानात पोचवा. एक वर्षाच्या मापाचे करा आणि ते फक्त रोखीने द्या, कारण संक्रांतीनंतर उरलेला काळा सेट पुढच्या जानेवारीपर्यंत हलत नाही.