क्लेरिकच्या स्पेल्सना अलाइनमेंटची वेसण: ३.५, फिफ्थ एडिशन की पाथफाइंडर २?

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) किंवा पाथफाइंडरसारख्या टेबलटॉप रोल-प्लेइंग गेमचं नवीन कॅम्पेन सुरू करताय, कोणीतरी क्लेरिक (देवाकडून जादू, म्हणजे स्पेल्स, मिळवणारं पात्र) घेणारे आणि सिस्टिम, म्हणजे कुठल्या नियमांनी खेळायचं, अजून ठरली नाहीये, तर पात्राच्या अलाइनमेंटने (गुड-ईव्हिल, लॉफुल-केऑटिक किंवा मधलं न्यूट्रल, असा त्याचा कल) त्याचे स्पेल्स अडतात का हे आधीच बोलून घ्या. पाचव्या लेव्हलला ॲनिमेट डेड (मुडदे उठवून अनडेड बनवणारा स्पेल) हाताशी आलं की चांगल्या क्लेरिकने ते वापरावं का यावरून जो वाद पेटतो त्यात अख्खं सेशन गेलेलं मी पाहिलंय.

डी अँड डी ३.५ मधे (२००३) सगळं कडक. काही स्पेल्सवर गुड, ईव्हिल, लॉफुल किंवा केऑटिक असा टॅग असतो, आणि क्लेरिकला स्वतःच्या किंवा आपल्या देवाच्या विरुद्ध टॅगचा स्पेल टाकताच येत नाही. यातला "किंवा" बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. हायरोनियस हा देव लॉफुल गुड, त्याचा क्लेरिक न्यूट्रल गुड चालतो, पण प्रोटेक्शन फ्रॉम लॉ हा स्पेल केऑटिक टॅगचा, म्हणून त्याला बंद, भले त्याला स्वतःला लॉ-केऑसशी काही देणंघेणं नसो. ॲनिमेट डेड ईव्हिल, म्हणजे गुड क्लेरिकला नाहीच. विझार्डला (अभ्यासाने जादू शिकणारं पात्र) मात्र यातलं काहीच बंधन नाही, कारण त्याचे स्पेल देवाकडून येत नाहीत.

एक गैरसमज फार दिसतो, की ईव्हिल क्लेरिक हीलिंग करू शकत नाही. करू शकतो! क्युअर, म्हणजे जखमा भरणाऱ्या, स्पेल्सवर गुडचा टॅग नाहीच. फरक एवढाच की दिवसाचे स्पेल आधीच निवडून तयार ठेवावे लागतात, आणि गुड क्लेरिक ब्लेस (साथीदारांना बळ देणारा स्पेल) तयार करून आला असेल आणि मधेच कोणी पडलं तर त्याच ब्लेसच्या जागी क्युअर लाइट वूंड्स टाकतो, ईव्हिलवाल्याला तिथे इन्फ्लिक्ट (उलट जखम करणारा स्पेल) मिळतं, त्यामुळे क्युअर हवं तर त्याने ते आधीच तयार करून यायला हवं. पार्टीत तोच एकटा हीलर असेल तर हे लढाईत फार महागात पडतं.

या टॅगांचा मला खरंच राग येतो तो डेथवॉच या स्पेलमुळे. कोण मरायला टेकलंय, कोण ठीक आहे एवढंच तो दाखवतो, जखमींमधे कोणाकडे आधी धावायचं हे ठरवायला याहून चांगलं काय असणार, पण टॅग ईव्हिल, म्हणून नेमका चांगल्या मनाचा हीलरच तो वापरू शकत नाही. ३.५ वरूनच निघालेला पाथफाइंडर १ (२००९) जवळपास हेच नियम पुढे नेतो.

डी अँड डीच्या फिफ्थ एडिशनमधे (२०१४) स्पेल टाकण्यावर अलाइनमेंटचं बंधनच नाही. स्पिरिट गार्डियन्स या स्पेलचं डॅमेज गुड किंवा न्यूट्रलला रेडियंट (दैवी तेजाचं) आणि ईव्हिलला नेक्रॉटिक (मृत्यूच्या शक्तीचं), अशा एखाद्या ठिकाणी ती डोकावते. अनडेड बनवणं चांगलं काम नाही आणि ईव्हिल लोकच ते वारंवार करतात असं पुस्तक म्हणतं, पण अडवत कोणी नाही, म्हणजे सगळं डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) गळ्यात. नव्या प्लेयरसाठी हेच सोपं, पण देव नुसता कॅरेक्टर शीटवर लिहिलेलं नाव होऊन बसतो हेही खरं.

मला सगळ्यात पटतो तो पाथफाइंडर २ (२०१९). इथे प्रत्येक देवाचे स्वतःचे निषेध आहेत, अनाथेमा म्हणतात त्याला. फरास्मा ही देवी न्यूट्रल आहे, त्यामुळे नुसते टॅग बघितले तर तिच्या न्यूट्रल क्लेरिकला मुडदे उठवायला काहीच आडकाठी नाही, पण अनडेड बनवणं हा तिचा अनाथेमा, विषय संपला! आणि प्लेयरला कारण विचारावं लागत नाही, ती मृत्यूची देवी आहे, मेलेल्यांना परत उठवलेलं तिला कसं चालेल? निषेध वारंवार मोडले तर देवाकडून मिळालेली जादू जाते, प्रायश्चित्त होईपर्यंत. २०२३ च्या रीमास्टरमधे, म्हणजे याच नियमांच्या सुधारित आवृत्तीत, तर अलाइनमेंटच काढून टाकली, होली-अनहोली आलं, अनाथेमा मात्र तसाच राहिला.

तुमचा ग्रुप आधीच फिफ्थमधे रुळला असेल तर सिस्टिम बदलू नका, क्लेरिकवाल्याला आपल्या देवाचे दोन-तीन निषेध लिहून आणायला सांगा आणि ते पहिल्या सेशनआधी डीएमने वाचून हो म्हणू दे.