गंगापूर रोडवरचा भरती-ओहोटीचा वर्ग: लेकीला घातलं, त्याचा अनुभव

नाशिकच्या मुलांना पाणी चढणं कळतं ते गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून. धरणातून विसर्ग वाढला, मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, की गोदेला पूर. पाऊस नसतानाही समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, हे माझ्या दहा वर्षांच्या लेकीला पटतच नव्हतं. माझं माहेर कोकण किनाऱ्यावरच्या हर्णैचं, त्यामुळे ही गोष्ट मनाला लागायची. म्हणून तिला या वर्गात घातलं. तीन रविवार वर्ग, चौथ्या रविवारी बोर्डीच्या समुद्रकिनाऱ्यावर सहल.

वर्गातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे चंद्राची वही. पौर्णिमेपासून पाच रात्री, समोरच्या इमारतीच्या टाकीवर चंद्र किती वाजता आला ते गच्चीवरून बघून लिहायचं. शेवटच्या दोन रात्री चांगलंच जागरण झालं. पुढच्या रविवारी ताईंनी काही न सांगता मुंबईच्या भरतीचं वेळापत्रक मुलांच्या हातात दिलं. लेकीनं वजाबाक्या केल्या आणि घरी येऊन ओरडलीच, "आई, चंद्र आणि भरती दोघं रोज सारखाच उशीर करतात!" सरासरी ५० मिनिटं. हे तिला कुणी सांगितलं नाही, तिनं स्वतः शोधलं. एवढ्यासाठी पूर्ण फी वसूल झाली असं मी मानते.

एक गोष्ट मात्र कच्ची राहिली. चंद्र पाणी ओढतो, इथपर्यंत ठीक. मग भरती दोनदा का? एका मुलानं विचारलं तर "पृथ्वी फिरते म्हणून" एवढंच उत्तर मिळालं. फिरण्यानं एकच फुगवटा दिवसातून एकदा समोर येईल. दुसरा कुठून आला? मी घरी तीन मुलांना ओळीत उभं केलं. पुढचा भरभर चालला, मधला बेतानं, मागचा हळू. मधल्याच्या दोन्ही बाजूंना अंतर पडलं. चंद्राकडच्या पाण्यावर ओढ जास्त, पृथ्वीच्या मध्यावर त्याहून कमी, पलीकडच्या पाण्यावर सगळ्यात कमी. म्हणून दोन्हीकडे फुगवटा. पाच मिनिटांचं काम, वर्गात सहज करता येईल.

सहलीची तारीख चुकली, हे स्पष्ट लिहिते. वर्गवाल्यांनी रविवार बघितला, तिथी बघितली नाही. निघाली अष्टमी, म्हणजे भांग, पाणी कमी चढतं-उतरतं तो दिवस. माझे वडील सांगायचे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाला भरती आणि ओहोटी भर दुपारी बाराला. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत पहाटे निघालेली मुलं उन्हात पोळली आणि पाणीही फारसं मागे गेलं नाही. अमावास्या-पौर्णिमेनंतरची द्वितीया-तृतीया धरली असती, तर उधाणाची, म्हणजे पाणी सगळ्यात लांब मागे जाण्याची, ओहोटी सकाळी आठच्या सुमाराला मिळाली असती. आदल्या दिवशी मुक्काम करावा लागेल, पण मग बोर्डीचा किनारा किती लांबवर उघडा पडतो ते मुलांना दिसेल.

तरीही मुलं तासभर एका जागी बसली, ती वाळूच्या गोळ्यांपाशी. नखाएवढे खेकडे वाळू तोंडात घेतात, तिच्यातलं खाणं गाळून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात. बिळाभोवती रांगोळीच होते. पाऊल वाजलं की सगळे गडप. मग श्वास रोखून थांबायचं. सोबतच्या दादांनी इथे घाई केली नाही, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. शंख गोळा करू दिले नाहीत, तेही योग्यच, कारण शंखात राहणाऱ्या मऊ पोटाच्या खेकड्याला रिकामाच शंख घर म्हणून लागतो. लेकीनं खिशातले दोन शंख आपणहून परत ठेवले.

आठ वर्षांखालच्या मुलांना वेळापत्रकाचा भाग जड जाईल. मोठ्यांना जरूर घाला, पण पैसे भरण्याआधी सहलीची तिथी विचारा. आणि खडकाकडे जाताना पायात जुने बूट असू द्या, खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या धारेनं तळवा कापतो.