टुरिझमचा डिप्लोमा आणि माझे १,३८,५०० रुपये

प्रॉस्पेक्टस ५००, नोंदणी ११,०००, पहिला हप्ता ४५,०००, दुसरा ४५,०००, 'इंटर्नशिप डिपॉझिट' २५,००० आणि परीक्षा शुल्क १२,०००. एकूण १,३८,५००. त्यातले ६०,००० आबांनी आल्याच्या पिकाचे दिले होते, बाकीचे माझ्या पगारातले. पूर्ण आकडा घरात अजून सांगितलेला नाही. लिहितानाही लाज वाटतेय, पण परवा सांगलीत जे पाहिलं त्यानंतर गप्प बसवत नाही.

मी पाचगणीत एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. पाच वर्षं झाली. मे महिन्यात लॉबीत उभं राहायला जागा नसते, कासला फुलं आली की सप्टेंबरात परत तीच गर्दी. काम मला येतं. पण ड्यूटी मॅनेजरची जागा निघाली तेव्हा माझ्या मागून आलेला मुलगा वर गेला, कारण त्याच्याकडे हॉटेल मॅनेजमेंटची पदवी होती आणि माझ्याकडे बाहेरून केलेलं बी.ए. नोकरी सोडून तीन वर्षं मुंबईला शिकायला जाणं परवडणारं नव्हतं. तेवढ्यात साताऱ्यात पोवई नाक्याजवळ बोर्ड दिसला: ट्रॅव्हल, टुरिझम आणि हॉस्पिटॅलिटी मॅनेजमेंटचा पोस्ट ग्रॅज्युएट डिप्लोमा, बॅच मंगळवार-बुधवार. हॉटेलातल्या पोरांना सुट्टी मिळते ती याच दिवशी. शनिवार-रविवारी आम्हाला कोण सोडतंय? आपल्यासारख्यांसाठीच कुणीतरी विचार केलाय असं वाटलं, आणि तिथेच मी अर्धा अडकलो.

टायवाले सर, भिंतीवर विमानाचा फोटो, शंभर टक्के प्लेसमेंट, 'चारच सीट राहिल्यात'. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं.

झोप उडते ती एका दुसऱ्याच गोष्टीने. पहिला हप्ता भरायला काउंटरवरचा क्यूआर कोड स्कॅन केला आणि मोबाइलवर नाव आलं कुठल्याशा ट्रेडर्सचं. संस्थेच्या नावातलं एक अक्षरही त्यात नव्हतं. मी रोज काउंटरला उभा असतो. गेस्टने स्कॅन केलं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "सर, हॉटेलचंच नाव येतंय ना? बघून मगच पिन टाका." तोच मी तिथे थांबलो, विचारलंसुद्धा, "सर, हे ट्रेडर्स कसं काय?" त्यांनी मान वर न करता पावती फाडली. "आपलंच अकाउंट आहे ते, जीएसटीसाठी वेगळं ठेवलंय. टाका, टाका." पावतीपुस्तक स्टेशनरीच्या दुकानात मिळतं तसलं साधं, पावती क्रमांक १४. आणि पाचच मिनिटांपूर्वी सर म्हणाले होते, यंदा तीनशे ॲडमिशन झाल्यात. शिक्का इतका ओला होता की निळी शाई माझ्या अंगठ्याला लागली. त्याच अंगठ्याने मी पिन टाकला.

खातं संस्थेच्या नावावर नसेल तर एक रुपया देऊ नका. कारण काहीही सांगोत.

मला बावळट म्हणायच्या आधी एवढं ऐका. पहिले तीन महिने क्लास खरोखर झाले. शिकवायला येणारा माणूस हॉटेल लाइनमधलाच होता. टूर पॅकेजचं कॉस्टिंग, ऑक्युपन्सीवरून रेट कसा ठरवायचा, तिकीट बुकिंगची सिस्टिम, सगळं वहीत उतरवलेलं आहे. शिकवणं चांगलं असताना शंका कुणाला येते? तो सर चौथ्या महिन्यात गेला. पगार थकला होता, हे नंतर कळलं. मग पीडीएफ यायला लागल्या. इंटर्नशिप म्हणजे हायवेवरच्या एका लॉजमध्ये २१ दिवस चादरी मोजणं. डिपॉझिटचे २५,००० परत मिळणार होते, ते आजतागायत नाहीत.

विद्यापीठ कुठलं, हेही विचारलं होतं. साताऱ्या-सांगलीच्या माणसाला १९६२ पासूनचं कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ माहीत असतं, म्हणून विचारलं की त्यांच्याशी संलग्न आहे का. "त्याच्या वरचं आहे, दिल्लीचं, ऑटोनॉमस, गव्हर्नमेंट रजिस्टर्ड." आता कळतंय की सात माणसं एकत्र आली की १८६० च्या कायद्याखाली सोसायटी रजिस्टर होते. त्याचा अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी काही संबंध नाही. भिंतीवरच्या आयएसओ प्रमाणपत्राचाही नाही. व्यवस्थापनाच्या पोस्ट ग्रॅज्युएट डिप्लोमाला एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची मान्यता लागते, आणि ती त्यांच्या साइटवर दोन मिनिटांत बघता येते. बोगस विद्यापीठांची यादी यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) स्वतः प्रसिद्ध करते. पर्यटनासाठी केंद्राची संस्था ग्वाल्हेरला आहे, तिची शाखा गोव्यातही आहे. हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मी शोधलं नाही.

पुण्याच्या एका हॉटेलात निवड झाली, व्हेरिफिकेशनमध्ये सर्टिफिकेट अडकलं आणि ऑफर गेली. ऑफिस गाठलं तर कुलूप. जागामालकाचंच दोन महिन्यांचं भाडं बुडालेलं.

मग सुरू झाल्या सरकारी चकरा. एका पोलीस ठाण्यात पाच तास बाकड्यावर बसवून विचारलं, "क्लास झाले ना? सर्टिफिकेट दिलं ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला आहे." दुसऱ्या ठाण्यात, "हद्द आमची नाही." हद्दीबाहेरचा गुन्हासुद्धा नोंदवून घ्यावा लागतो, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या कलम १७३ मध्येच तसं आहे. मी कागद दाखवला तर, "आम्हाला कायदा शिकवू नका." सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तर तुम्ही स्वतः काउंटरला जाऊन पैसे दिलेत, मग ही ऑनलाइन फसवणूक नाही म्हणे. शिक्षणाच्या एका कार्यालयात सांगितलं, आमच्याकडे दहावी-बारावीपर्यंतच. दुसऱ्या कार्यालयातलं उत्तर मी जन्मात विसरणार नाही: "आम्ही मान्यता दिलेल्या संस्थांचंच बघतो. ही आमच्या यादीत नाही." अहो, यादीत नाही म्हणूनच तर मी तक्रार घेऊन आलोय! वकील म्हणाले, ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, पण शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याखाली येत नाहीत असं राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये म्हटलंय. कोचिंग क्लास मात्र येतात. म्हणजे सरकारच्या लेखी ही संस्था नाही, आणि आयोगात तीच माणसं आम्ही शिक्षणसंस्था म्हणून उभी राहणार! शेवटी कलम १७३ (४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज केला. उत्तर आलं, 'पुढील कार्यवाहीसाठी संबंधित पोलीस ठाण्याकडे वर्ग.' ज्या बाकड्यावरून मला उठवलं होतं, तिथेच. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्या. मी पहिल्या दोन वेळा घेतला नाही, आता ते अर्ज मिळालेच नाहीत म्हणतात.

परवा आतेबहिणीच्या साखरपुड्याला सांगलीला गेलो होतो. विश्रामबागेत नवा फ्लेक्स. नाव वेगळं, विमानाचा फोटो तोच, बॅच मंगळवार-बुधवार, नोंदणी ११,०००. खाली मोबाइल नंबर तोच, माझ्या फोनमध्ये अजून 'सर' नावाने सेव्ह असलेला. फोटो काढून ठेवलाय आणि अर्जाला जोडलाय.

तिथे कुणी नोंदणी केली असेल तर दुसरा हप्ता थांबवा. पावती फेकू नका, पेमेंट कुणाच्या नावाने गेलं त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि आजच लेखी तक्रार द्या. माझा एकट्याचा अर्ज फाइलमध्ये पडून आहे. मजिस्ट्रेटपुढे जायचा कागद तयार होतोय, त्यावर आणखी सह्या हव्या आहेत.