ऊसतोडीच्या तळावर नेलेला व्हॅक्सिन कॅरियर : डबा भारी, पट्टा फालतू

बीडहून ऊसतोडीला आलेल्या कोयत्यांच्या (ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्यांच्या) तळावर आम्ही दर रविवारी औषधं आणि लस घेऊन जातो, लस थंड राहावी म्हणून हा ४ आइसपॅकवाला डबा ऑनलाइन मागवला. दणकट आहे, बाइकला बांधून फडाच्या खड्ड्यांतून नेला तरी झाकण ढिलं पडलं नाही, लस २ ते ८ डिग्रीत ठेवायची असते आणि संध्याकाळी पण आत ६ च होतं. फक्त आइसपॅक फ्रीजरमधून काढून लगेच डब्यात भरू नका, थोडे वितळू द्या, हलवल्यावर पॅकच्या आत पाणी खळखळलं पाहिजे, नाहीतर धनुर्वाताची लस गोठून वाया जाते (आमची पहिली खेप अशीच गेली). पट्टा दुसऱ्याच रविवारी तुटला, सेलरला फोटो पाठवले तर उत्तरच नाही, शेवटी तळावरच्या मावशींनी दाभणानं सुतळी घालून शिवून दिला, तो अजून टिकलाय. चार स्टार, त्यातला एक मावशींचा.