दुष्काळावरचं पथनाट्य गावात बोलावलं, पैसे वसूल झाले का?

सरळ सांगतो, पथनाट्य म्हटलं की मला आधी जांभई येते. चार पोरं काळे कुडते घालून येणार, डफ बडवणार, जागे व्हा जागे व्हा ओरडणार आणि चहा-पोहे खाऊन निघून जाणार, आजवर एवढंच बघितलेलं. त्यामुळं शिवजयंतीला मंडळानं ऑर्केस्ट्रा कॅन्सल करून दुष्काळावरचं नाटक बोलवायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात जास्त कुरकुर मीच केली होती. ग्रुपचं नाव टाकत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत. आमचं गाव बीड जिल्ह्यात, त्या वर्षी फेब्रुवारीतच टँकर चालू झालेला, म्हंजे विषय काय कुणाला नवीन नव्हता.

आठ जणांची टीम, मानधन 7 हजार, डिझेल वेगळं, जेवण आपल्याकडं. स्टेज लागत नाही, मारुतीच्या पारापुढची मोकळी जागा पुरते.

सुरुवात फसली. दिग्दर्शक ताईंनी नाटकाआधी दहा मिनिटं इतिहास लावला, 1943 चा बंगालचा दुष्काळ, त्यात 30 लाखांच्या आसपास माणसं गेली, मग 1944 ला इप्टानं (डाव्या विचारांच्या कलाकारांची नाट्यसंघटना) कलकत्त्यात त्यावर 'नवान्न' हे नाटक केलं, वगैरे. धान्य अगदीच नव्हतं असं नाही, गरिबाला त्या भावात घेता येत नव्हतं, हा मुद्दा भारीच आहे, पण तोवर पोरं चुळबुळायला लागली आणि दोघं-तिघं म्हातारे उठून तंबाखू मळायला गेले. ताई, हे शेवटी सांगा ना.

मग हलगी वाजली आणि पैसेवारीचा (गावात पीक किती आलं त्याचा सरकारी अंदाज, रुपयात किती पैसे असा) सीन आला, तिथं मी मोबाईल खिशात टाकला. मोंढ्यात लिलाव चालतो तसा पैसेवारीचा लिलाव! एक साहेब पोत्यावर उभा, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, असं ओरडतोय, खाली शेतकरी हात जोडून उभे, कारण पूर्वी 50 पैशांच्या आत आलं तरच दुष्काळाच्या सवलती मिळायच्या, आणि साहेबाच्या कानात कुणीतरी कायतरी पुटपुटतो आणि साहेब म्हणतो एक्कावन्न. बस. सगळा पार एकदम 'अर्रर्र' म्हणाला, क्रिकेटमध्ये कॅच सुटल्यावर म्हणतात तसा. ज्याला पैसेवारी कशाशी खातात माहीत नाही त्यालाही पाच मिनिटात कळलं. तलाठ्यानं वर्षभर समजावलं असतं तरी नसतं कळलं.

खरा माल पुढंच होता. एक पोरगा पोटाला निळा बॅरल बांधून टँकर झाला, लडखडत आला, निम्मं पाणी वाटेत एका बंगल्याच्या हौदात (तो पण एक पोरगाच, तोंड उघडून उभा) ओतलं, गावात आल्यावर ड्रायव्हर लॉगबुक (खेपांची नोंदवही) पुढं करतो, 'तीन खेपांवर सह्या करा'. आली एकच. बायका सह्या करतात कारण नाही केली तर उद्या टँकर येणार नाही. टँकर कुठं फिरतो ते कळायला बसवलेल्या जीपीएसचं काय विचारल्यावर ड्रायव्हर खिशातनं डबी काढून दाखवतो, 'हे काय, फिरतंय की मोटरसायकलवर'. लोक हसून लोळले, पण हसता हसता एकमेकाकडं बघत पण होते.

सीन संपला आणि ताई म्हणाल्या, आता हाच परत करणार, जिथं पटणार नाही तिथं 'थांब' म्हणायचं आणि स्वतः येऊन करून दाखवायचं. ही पद्धत ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआलनं काढली म्हणे. दोन मिनिटं कुणी हललं नाही, मला वाटलं पचका होतोय, आणि तेवढ्यात आमच्या आळीतल्या एक मावशी उठल्या, पदर खोचला, ड्रायव्हरच्या हातातनं लॉगबुक ओढलं आणि म्हणाल्या, 'सही करते की, पण एकावरच, आन् तारीख मी घालणार.' ड्रायव्हर झालेला पोरगा कसलेला होता, तो म्हणाला मग उद्यापासनं टँकर बंद. मावशी अडल्या. खरंच अडल्या, नाटकातल्या नाही. मागून कुणीतरी ओरडलं की सगळ्यांनीच एकावर सही केली तर कुणाकुणाचं बंद करतोस, आणि तिथून जी चर्चा पेटली ती साडेदहापर्यंत. आमचे एक आण्णा बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होते, त्यांनी लाल मिलोच्या (तेव्हा अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी) भाकरीपासून सुरुवात केली आणि मुकादमानं मस्टरवर मेलेल्या माणसांची हजेरी कशी लावली तिथपर्यंत आले. एका पोरानं विचारलं, पाणीच नाही तर टँकर भरतो कुठून? उसाचं नाव निघालं तसे दोन-तीन बागायतदार घड्याळ बघायला लागले. सरपंच पहिल्या लाईनीत होते, चर्चाभर मोबाईलमध्ये.

आता तक्रारी. चर्चेआधी एक सीन घुसडलाय, पांढरी टोपी, नोटांची बॅग, मंत्री, खलनायकासारखं हसू. टाळ्या त्यालाच सगळ्यात जास्त, आणि तोच सगळ्यात फुकट. मंत्र्याला शिव्या घालायला काय जातंय, तो थोडाच पारावर बसलाय. लॉगबुकला टाळ्या कमी पडल्या कारण सही करणारे, करून घेणारे आणि गप बसणारे सगळे तिथंच सतरंजीवर होते. तो मंत्री काढून टाका, दहा मिनिटं वाचतील. दुसरं, माईक एकच आणि तो पण कलाकारांकडं, मागं बसलेल्या बायका काय बोलल्या ते पुढं ऐकूच आलं नाही. बोलवणार असाल तर एक जास्तीचा माईक आपलाच ठेवा, आणि बायकांना पुढं बसवा, नायतर पार पुरुषांनी भरतो.

आता आमच्याकडं दोघी-तिघी सही करायच्या आधी लॉगबुकच्या पानाचा फोटो काढतात. खेपा वाढल्यात का म्हणाल तर अजून तरी नाही, ड्रायव्हर मात्र बदललाय.

पाचपैकी चार. जाताना ताई म्हणाल्या होत्या की दोन महिन्यांनी परत येतो, पुढं काय झालं ते बघायला. मे संपत आला, मी दोनदा फोन केला, 'कळवतो' म्हणाले. एक स्टार त्याचाच कापला.